झिर्कॉन मागितला, मिळाले काय?

लग्नसराई जवळ आली की सराफाच्या दुकानात एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘‘झिरकॉनचे कानातले दाखवा,’’ असे ग्राहक सांगते आणि काउंटरमागचा मुलगा मखमली ट्रे पुढे सरकवतो. ‘‘हे बघा काकू, सगळं झिरकॉन. म्हणजे अमेरिकन डायमंडच म्हणा ना!’’ खडे पांढरेशुभ्र, लखलखीत, एकासारखा दुसरा. किंमतही खिशाला परवडणारी. काकू एक जोड पसंत करतात, मुलगा डबी बांधून देतो. दोघांपैकी कोणीही जाणूनबुजून खोटे बोललेले नसते. पण त्या ट्रेमध्ये झिर्कॉनचा एकही खडा नसतो.

ट्रेमध्ये असतो तो ‘क्युबिक झिर्कोनिया’, म्हणजे भट्टीत तयार केलेला कृत्रिम खडा. त्यालाच बाजारात अमेरिकन डायमंड म्हणतात. खरा झिर्कॉन हे जमिनीत तयार झालेले खनिज आहे, माणिक किंवा पाचूइतकेच अस्सल. रसायनशास्त्राच्या भाषेत झिर्कोनिया हे झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइड, तर झिर्कॉन हे त्याच धातूचे सिलिकेट. नावातल्या एवढ्याशा साम्यामुळे एका फार जुन्या रत्नाची ओळखच पुसली गेली आहे. आज एखाद्याने खरा झिर्कॉन घातला आणि नाव सांगितले, तर समोरचा माणूस ‘म्हणजे नकली ना?’ असे सहज विचारतो. रत्नांच्या दुनियेत इतका अन्याय क्वचितच दुसऱ्या कुणावर झाला असेल.

नावाची गोष्ट तशी आपल्या ओळखीची आहे. बहुतेक कोशकार ‘झिर्कॉन’ हा शब्द फारसी ‘जरगून’पर्यंत नेतात. जर म्हणजे सोने आणि गून म्हणजे रंग; सोन्याच्या रंगाचा तो जरगून. पैठणीच्या पदरातला जर आणि टोपीवरची जरी याच घरातली. शब्द अरबीतून युरोपात गेला, तिथे फिकट खड्यांना ‘जारगून’ म्हणू लागले, आणि शेवटी जर्मन खनिजशास्त्रज्ञांनी त्याला आजचे रूप दिले. आपल्याकडच्या जुन्या जवाहिऱ्यांच्या तोंडी असलेला ‘जरकन’ हा उच्चार म्हणजे अडाणीपणा नव्हे, तोच मुळाच्या अधिक जवळचा आहे.

दुसरा घोळ गोमेदाचा. झिर्कॉनला मराठी शब्द म्हणून अनेकदा ‘गोमेद’ दिला जातो. गाईच्या मेदासारखा पिवळसर रंग म्हणून गोमेद, असे रसशास्त्राचे ग्रंथ सांगतात. त्या काळी रत्नाची ओळख रंग, पारदर्शकता, वजन आणि तकाकी यांवरून होत असे, त्यामुळे मधासारख्या रंगाचे दोन वेगळे दगड एकाच नावाखाली नांदले असण्याची शक्यता मोठी आहे. युरोपातही ‘हायासिंथ’ या एका नावाखाली असेच दोन दगड मोडत असत. आज मात्र राहूचे रत्न म्हणून जो गोमेद विकला जातो, तो बहुतेक वेळा हेसोनाइट, म्हणजे गार्नेट जातीचा खडा असतो. तोही सुंदरच आहे. पण तो झिर्कॉन नव्हे, आणि पाच मिनिटांत दोघांना वेगळे ओळखता येते.

ते कसे, हे समजून घेतले की झिर्कॉनचे सौंदर्य कशात आहे तेही कळते.

प्रकाश हवेतून खड्यात शिरतो तेव्हा त्याचा वेग मंदावतो आणि तो वाकतो. किती मंदावतो याचे माप म्हणजे अपवर्तनांक. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, हेसोनाइटचा सुमारे १.७४, नीलमाचा १.७७ आणि हिऱ्याचा २.४२. चांगल्या प्रतीच्या झिर्कॉनचा १.९२ ते १.९८ असतो. म्हणजे प्रकाश या खड्यात शिरला की त्याचा वेग जवळपास निम्मा होतो. जितका अपवर्तनांक मोठा तितका आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून पूर्ण परावर्तित होऊन पुन्हा डोळ्यांकडे येण्याची शक्यता जास्त. काचेचा खडा मध्यभागी मेल्यासारखा दिसतो, झिर्कॉन आतून उजळतो, तो यामुळे.

पण हिऱ्याची खरी मिजास असते ती रंगीत ठिणग्यांत. पांढरा प्रकाश खड्यात शिरल्यावर त्याचे सात रंग वेगवेगळ्या कोनांत वाकतात. शाळेत लोलकाचा प्रयोग करताना आपण हेच अपस्करण पाहिलेले असते. रत्नशास्त्रात यालाही आकडा आहे. हिऱ्याचा ०.०४४, झिर्कॉनचा ०.०३९. नीलमाचा फक्त ०.०१८. नैसर्गिक रंगहीन खड्यांत हिऱ्याच्या इतक्या जवळ जाणारे फार थोडे आहेत. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मातारा नावाचे गाव आहे. तिथले रंगहीन झिर्कॉन पूर्वी ‘मातारा हिरे’ म्हणून विकले जात, आणि अनेकांना ते कमअस्सल हिरेच वाटत. अपस्करणात क्युबिक झिर्कोनिया तर हिऱ्यालाही मागे टाकतो. त्याचा आकडा ०.०६० आहे. म्हणूनच तो जरा जास्तच चमचमतो. सरावलेल्या डोळ्याला ती चमक लग्नातल्या मेकअपसारखी भडक वाटते.

आता झिर्कॉनची खास खूण. या खड्यात शिरलेला प्रकाशकिरण बहुतेक दिशांना दोन किरणांत फुटतो, आणि ते दोन किरण वेगवेगळ्या वेगांनी जातात. याला द्विअपवर्तन म्हणतात. झिर्कॉनमध्ये ते इतके ठळक असते, की दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या सराफी भिंगातून वरच्या सपाट पैलूमधून आत पाहिले, तर मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसतात. रुग्णाला एकाची दोन दिसू लागली तर डॉक्टर आधी त्याचे डोळे आणि मग मेंदू तपासतात. इथे डोळा ठीक असतो, दुहेरीपणा दगडाचा असतो. हिऱ्यात, हेसोनाइटमध्ये किंवा क्युबिक झिर्कोनियात प्रकाश असा फुटत नाही. त्यामुळे कडा दुहेरी दिसल्या की या तिघांपैकी कोणी नाही, एवढे नक्की. एक पथ्य मात्र पाळायचे. स्फटिकाच्या एका विशिष्ट दिशेने पाहिले तर दुहेरीपणा दिसत नाही, आणि हुशार कारागीर नेमकी तीच दिशा वरच्या पैलूला येईल असा खडा घडवतात, म्हणजे आतले दृश्य धूसर होत नाही. तेव्हा खडा थोडा तिरका करून पाहायचा.

वजनाचाही हिशोब आहे. झिर्कॉन पाण्याच्या ४.६ ते ४.७ पट जड, हिरा ३.५२ पट आणि क्युबिक झिर्कोनिया साडेपाच पटींहून अधिक. कॅरट हे वजनाचे माप आहे, आकाराचे नाही. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्यामुळे एक कॅरटचा झिर्कॉन एक कॅरटच्या हिऱ्यापेक्षा दिसायला लहान असतो. ‘वजन पूर्ण आहे, मग एवढासाच का?’ अशी तक्रार घेऊन परतणाऱ्या ग्राहकाला हे कुणी सांगितलेले नसते.

रंगहीन झिर्कॉनचे एवढे कौतुक झाले, तरी रत्नप्रेमी आज त्याला ओळखतात ते निळ्या रंगासाठी. हा निळा झिर्कॉन येतो मुख्यतः कंबोडियाच्या ईशान्येकडच्या रतनकिरी प्रांतातून. नाव ओळखीचे वाटले ना? रत्न आणि गिरी या आपल्याच शब्दांचे ते ख्मेर रूप, म्हणजे आपल्या रत्नागिरीचे थेट नामबंधू. कोकणातल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर वाळूचे पट्टे दिसतात, पण त्यांत मुख्य वाटा इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाचा. वाळूतून झिर्कॉन काढला जातो तो केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर, आणि तेही कण अंगठीत बसवण्यासारखे नसतात. ते बारीक दळून चिनी मातीच्या भांड्यांच्या आणि फरशांच्या लुकणात मिसळतात, कारण त्याने पांढरेपणा दाट होतो. न्हाणीघरातली पांढरीशुभ्र टाइल हा अनेक घरांतला एकमेव खरा झिर्कॉन असतो!

कंबोडियातल्या रतनकिरीत मात्र जमिनीतून निघतात ते तपकिरी खडे. निळे नव्हे, तपकिरीच. त्यांना ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत नऊशे ते हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की काही निळे होतात, काही रंगहीन. हवा खेळती ठेवून तापवले तर पिवळे, नारिंगी आणि रंगहीन मिळतात. सगळे खडे सारखे वागत नाहीत. काही भट्टीतून जसेच्या तसे बाहेर येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे निळे खडे अमेरिकेत पोहोचले तेव्हा जॉर्ज कुंझ या नामवंत रत्नतज्ज्ञाने त्यांच्यासाठी ‘स्टारलाइट’ हे नाव सुचवले होते. ते रुजले नाही. रुजले असते, तर आजचा नकलीपणाचा शिक्का कदाचित टळला असता.

तापवलेला खडा म्हणजे फसवणूक का? बाजारातला जवळपास प्रत्येक निळा झिर्कॉन तापवलेलाच असतो आणि जगभरचा व्यापार ते मान्य करतो. सांगून विकले तर त्यात गैर काही नाही. मात्र या रंगाला एक खोड आहे. दीर्घ तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात ठेवल्यावर काही निळे खडे तपकिरीकडे झुकतात. नंतर साध्या उजेडात त्यांचा निळेपणा बऱ्याच अंशी परत येतो. ब्युटी पार्लरमध्ये नखांचे जेल सुकवायला जो जांभळट दिवा वापरतात, त्याखाली हात ठेवण्यापूर्वी अशी अंगठी काढून ठेवलेली बरी.

हा खडा मुळात तपकिरी होतो कशाने, आणि तापवल्यावर सुधारतो कसा, या प्रश्नाचे उत्तर खड्याच्या पोटात दडलेले आहे. १७८९ साली मार्टिन क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने श्रीलंकेतल्या झिर्कॉनमधून एका नव्या धातूचे ऑक्साइड शोधले आणि त्या धातूला झिर्कोनियम हे नाव मिळाले. त्याच वर्षी, त्याच माणसाने, दुसऱ्या एका खनिजातून युरेनियम शोधले. ही दोन मूलद्रव्ये झिर्कॉनच्या पोटात एकत्र राहतात, हे समजायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

झिर्कॉनचा स्फटिक तप्त शिलारसात तयार होताना झिर्कोनियमच्या काही जागा युरेनियम आणि थोरियमचे अणू बळकावतात. प्रमाण अगदी कमी, पण हे अणू स्वस्थ बसत नाहीत. त्यांचा ऱ्हास होत राहतो आणि प्रत्येक वेळी एक अल्फा कण बाहेर फेकला जातो. बंदूक सुटल्यावर दस्ता खांद्यावर आदळावा तसा उरलेला जड अणू मागे ढकलला जातो आणि आसपासच्या शेकडो अणूंची रांग विस्कटतो. पहिली काही कोटी वर्षे एवढ्याने फारसे बिघडत नाही. रंगात फरक पडतो, एवढेच. पण युरेनियम जास्त असेल आणि काळ भरपूर मिळाला, तर स्फटिकाची आतली वीणच ढासळते. बाहेरून आकार स्फटिकाचा आणि आत काचेसारखा गोंधळ, अशी त्याची अवस्था होते. त्याचा अपवर्तनांक १.८ च्या आसपास उतरतो, कडांचा दुहेरीपणा जवळजवळ नाहीसा होतो, वजनही घटते आणि रंग बहुधा हिरवा, थोडा धुरकट होतो. श्रीलंकेत असे हिरवे झिर्कॉन मिळतात आणि संग्राहक ते हौसेने घेतात. असा ढासळलेला खडा हजार अंशांहून बराच वर तापवला, तर अणू पुन्हा आपापल्या जागी बसू लागतात. शरीरातली जखम भरून येते तसेच काहीसे हे आहे, फक्त इथे औषध एकच: उष्णता.

आणि याच आजारी झिर्कॉनमध्ये त्याचा तोतया जन्माला आलेला दिसतो. १९३७ मध्ये श्टाकेलबर्ग आणि खुडोबा या जर्मन शास्त्रज्ञांना ढासळलेल्या झिर्कॉनच्या आत क्युबिक झिर्कोनियाचे सूक्ष्म कण आढळले. निसर्गात सापडलेला तो त्याचा पहिला नमुना. मोठे स्फटिक वाढवायचे तर अडचण अशी होती, की झिर्कोनिया २,७०० अंशांच्या पुढे वितळतो आणि तेवढी उष्णता सोसणारे भांडेच मिळेना. १९७० च्या दशकात मॉस्कोच्या लेबेडेव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. बाहेरून पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्या, आत झिर्कोनियाची भुकटी, आणि विद्युतचुंबकीय लहरींनी तापवलेला फक्त मधला भाग. कडेची न वितळलेली भुकटीच भांड्याचे काम करते. १९७६ पासून हे खडे व्यापारी प्रमाणावर बनू लागले आणि बघता बघता बाजार त्यांनी भरून गेला. म्हणजे अमेरिकन डायमंड घडवला रशियनांनी!

युरेनियम म्हटले की घरातले कोणी ना कोणी विचारतेच: मग हा खडा अंगावर घालायचा का? अल्फा कणांची धाव फार थोडी असते. दगडाच्या आत निर्माण झालेले बहुतेक कण दगडातच थांबतात, आणि पृष्ठभागावरून निसटलेला एखादा त्वचेच्या वरच्या मृत थरापलीकडे जात नाही. दागिन्यात वापरल्या जाणाऱ्या स्वच्छ निळ्या, रंगहीन किंवा मधाळ झिर्कॉनमध्ये युरेनियम मुळातच कमी असते. आतली वीण शाबूत असणे हाच त्याचा पुरावा. अंगठी किंवा कानातले घालून आरोग्याला धोका संभवत नाही. गडद हिरवे, पूर्ण ढासळलेले खडे थोडे जास्त किरणोत्सारी असतात, पण तेही काळजी करण्याइतके नाहीत.

या युरेनियमने माणसाच्या आरोग्यासाठी मात्र एक मोठे काम करून ठेवले आहे, आणि ते दागिन्यांशी संबंधित नाही. युरेनियमचा ऱ्हास होत होत शेवटी शिसे उरते. स्फटिक तयार होताना झिर्कॉन युरेनियमला आत घेतो, पण शिशाला जवळजवळ शिरकाव देत नाही. म्हणजे आज त्याच्या पोटात सापडणारे शिसे बहुतांशी नंतर तिथेच तयार झालेले. युरेनियम-२३८ निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. दोन घड्याळे एकाच डबीत, एकमेकांचा ताळा घेणारी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या खडकात मिळालेला झिर्कॉनचा एक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा ठरला आहे. पृथ्वीवर तयार झालेला त्याहून जुना तुकडा अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. आपल्या सह्याद्रीचेही वय असेच मोजले गेले. घाटरस्त्याने जाताना काळ्या बेसाल्टच्या थरांमध्ये अधूनमधून विटकरी लाल पट्टे दिसतात. त्यांतले झिर्कॉनचे सूक्ष्म कण तपासून अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवले, की दख्खनच्या लाव्ह्याचा मुख्य उद्रेक डायनासोर नामशेष होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला.

पण आरोग्याचा संबंध येतो तो त्याआधी. १९४० च्या दशकाच्या शेवटी शिकागो विद्यापीठात क्लेअर पॅटरसन नावाच्या तरुण विद्यार्थ्याला झिर्कॉनच्या कणांतले शिसे मोजायचे काम मिळाले. सहकारी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजत होता, त्याचे आकडे जुळत. पॅटरसनचे शिसे मात्र दर वेळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघे. कारण कणांत नव्हतेच, प्रयोगशाळेत होते. हवेत शिसे, धुळीत शिसे, काचेच्या भांड्यांवर शिसे, रसायनांत शिसे. पुढची अनेक वर्षे तो घासत, धूत, गाळत राहिला आणि कॅलिफोर्नियात त्याने अतिशुद्ध हवेची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरून त्याने पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे जाहीर केले. पण त्याला झोपू न देणारा प्रश्न वेगळाच होता. एवढे शिसे आले कुठून? त्याचा एक मोठा स्रोत होता मोटारींच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राएथिल लेड. १९६५ मध्ये त्याने लिहिले, की माणसाच्या शरीरातले शिशाचे जे प्रमाण ‘नेहमीचे’ मानले जाते ते ‘नैसर्गिक’ नाही. आपण सगळेच दूषित झालो आहोत. तेलउद्योगाला हे रुचले नाही, त्याचे काही आर्थिक आधारही तुटले. त्याने विषय सोडला नाही.

शिशाचे विष मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त बाधते. बुद्ध्यंक घसरतो, लक्ष लागत नाही, रक्तक्षय होतो, आणि बाहेरून लक्षण म्हणावे असे पुष्कळदा काहीच दिसत नाही. अमेरिकेने १९७० च्या दशकापासून पेट्रोलमधले शिसे कमी करायला सुरुवात केली, भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने ते बंद केल्यावर मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा देश उरला नाही. टाचणीच्या टोकाहून लहान झिर्कॉनचे आकडे जुळले असते, तर हा शोध लागायला आणखी किती वर्षे लागली असती, सांगता येत नाही. (जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या आणि भेसळीची हळद यांतून शिसे आजही घरात येतेच, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

झिर्कॉनच्या गोतावळ्यातली इतर मंडळी रुग्णालयात सर्रास भेटतात. दाताला बसणारी पांढरी ‘झिर्कोनिया कॅप’ हा दागिन्यातल्या क्युबिक झिर्कोनियाचाच भाऊ, पण पारदर्शक नव्हे आणि कितीतरी चिवट. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तीन शास्त्रज्ञांनी या चिवटपणाचे रहस्य मांडले: तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलून किंचित फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. कृत्रिम खुब्याच्या गोलासाठीही हा पदार्थ वापरात आला. २००१ मध्ये एका उत्पादकाच्या काही तुकड्यांतले गोल रुग्णांच्या शरीरात फुटल्यामुळे ते बाजारातून परत बोलवावे लागले. तपासाअंती बोट भाजण्याच्या प्रक्रियेतल्या बदलाकडे वळले. दातांसाठीचा झिर्कोनिया शुद्ध केलेला असतो आणि त्यातल्या किरणोत्सारी अंशावर आंतरराष्ट्रीय मानकांची मर्यादा आहे, त्यामुळे कॅप बसवताना युरेनियमची धास्ती नको.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचे पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते, तेव्हा पाण्यात कालवून देण्याची एक पांढरी पूड आता डॉक्टरांच्या हाती आहे. तिचे नाव सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट. अमेरिकेत तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही झिर्कॉनचीच तीन मूलद्रव्ये तिच्यात आहेत, पण रचना जाळीसारखी, आणि जाळीची भोके नेमकी पोटॅशियम अडकेल अशी. आतड्यातला पोटॅशियम धरून ती शरीराबाहेर जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेण्याची ही गोष्ट नाही. मात्र खड्याच्या रक्षेने आजार बरा करण्याची जुनी कल्पना आणि ही पूड यांत फरक कुठे आहे, ते इथे स्पष्ट दिसते: हिचा परिणाम रक्ताच्या तपासणीत मोजून दाखवता येतो.

मध्ययुगीन युरोपात झोप लागावी आणि प्लेग दूर राहावा म्हणून हायासिंथ अंगावर बाळगत. आपल्याकडे राहूच्या पीडेसाठी गोमेद घालतात. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बोटांत दोन-तीन ग्रहांचे खडे असलेले रुग्ण रोज दिसतात. हौसेने, श्रद्धेने खडा घालण्यात कुणाचे काही बिघडत नाही. अंगठीसाठी कर्ज काढले आणि रक्तदाबाच्या गोळ्या ‘जरा बघू’ म्हणून थांबवल्या, असे घडते तेव्हा मात्र ते पक्षाघाताच्या झटक्याने कळते. त्यातही राहूसाठी घेतलेला तो खडा पुष्कळदा कोणत्या जातीचा आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खरा झिर्कॉन घ्यायचा असेल तर दुकानात ‘झिरकॉन’ एवढाच शब्द पुरत नाही. ‘नैसर्गिक झिर्कॉन’ असे म्हणावे, तसेच बिलावर लिहून घ्यावे, आणि किंमत मोठी असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. भिंग मागायला संकोच नको. प्रामाणिक सराफ ते स्वतःहून पुढे करतो. रोज घालायच्या अंगठीपेक्षा कानातले किंवा पदक करणे शहाणपणाचे. झिर्कॉनची कठीणता साडेसात असते, धुळीतल्या वाळूची सात, म्हणजे ओरखडे सहसा पडत नाहीत. पण तो ठिसूळ असतो आणि पैलूंच्या कडा चटकन टवके सोडतात. पूर्वी व्यापारी एकाच कागदी पुडीत अनेक खडे बांधून फिरत. प्रवासात ते एकमेकांवर घासून कडा बोथट होत, आणि अशा खड्यांना ‘कागदाने झिजलेले’ म्हणायची पद्धत पडली. आजही जाणते जवाहिरे प्रत्येक झिर्कॉन वेगळ्या कागदात गुंडाळतात. घरीही तसेच करावे. धुताना कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. दागिने धुण्याच्या अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेखाली तो टाकू नये, आणि पोळ्या लाटताना, भांडी घासताना हातात ठेवू नये.